लवकर फुलणारं भात

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात भाजी निवडत बसलो होतो. आता दीड महिना झाला. दुःख ओसरलं, किळस मात्र जात नाही... आणि ती दुसऱ्या कुणाची नाही, माझी स्वतःचीच.

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ; आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी. कुंभकोणमच्या कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सुंदरपेरुमाळ कोयिल या गावातल्या आपल्या शेतात सकाळी सातलाच छत्री घेऊन उभे राहू लागले. भाताचं फूल एकदाच, तासाभरापुरतं उघडतं, तेही दहाच्या सुमाराला. हल्ली तोवर ऊन असं तापतं की पराग वाळतात आणि दाणा पोचट राहतो. मोजकी रोपं मात्र उन्हाआधीच फुलून मोकळी होतात. अण्णा त्यांना लाल दोरा बांधत आणि पुढच्या वर्षी त्यांचंच बी पेरत. अशी सात वर्षं गेली.

"अण्णा, भाताची मुंज केलीत की!" मी चेष्टा करायचो.

"हसूलास काय? झाडाला पळायला पाय नाहींत. वेळ तरी बदलूं दे त्याला."

शेजारचा मुरुगेसनही बांधावरून हसायचा. मग लागोपाठ दोनदा त्याचं पीक पोचट निघालं, तेव्हा त्याचं हसणं थांबलं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी अण्णांच्या मुलानं, रवीनं, कोठीतल्या दोन गोण्या दाखवल्या. "काका, हें काय लिहिलंय? गिरणीला धाडूं?" आमच्याकडे घरात मराठी बोलतात, पण त्याच्या पिढीला देवनागरी वाचता येत नाही. चिठ्ठीवर अण्णांचं अक्षर होतं: 'लवकर फुलणारं. बियाणं.' सात वर्षांचं होतं नव्हतं ते त्या गोण्यांत होतं. मी मनातल्या मनात वाचलं... आणि म्हणालो, "धाड. त्यांच्याच हातचा भात पानात पडू दे." ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. आपण फार छान बोललो, असं मलाही वाटलं. थू माझ्यावर!

तेराव्याला मुरुगेसन रिकामी पिशवी घेऊन दारात आला. "सर बियाणं देतो म्हणाले होते. मूठभर तरी द्या," तो तमिळमध्ये म्हणाला. रवीनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी मी खरं सांगायचं होतं. मी मुरुगेसनला हाताला धरून आत नेलं आणि केळीच्या पानासमोर बसवलं.

पिशवी मांडीवर ठेवून तो मन लावून जेवला. भात चांगला आहे म्हणाला, आणि मी त्याला आणखी वाढला.