अण्णांची चार चाकांची येळवस

आमच्या घरात जमीन म्हणून जी काही आहे, ती आईच्या कुंड्यांत आहे. आजोबा मास्तर, वडील मास्तर, मी नांदेडला कॉलेजात शिकवते, म्हणजे पुन्हा मास्तरीणच. सातबाऱ्यावर आमच्या आडनावाचा एक गुंठाही नाही. माझं माहेर लातूरचं. लातुरात राहून शेत नसणं एरवी काही जड जात नाही, कोथिंबीर दारावर येते. जड जातं ते वर्षातून एकदाच, येळवसेला.

पंचांगात तिला वेळा अमावस्या म्हणतात. त्या दिवशी अख्खं लातूर दाराला कुलूप घालून शेतात जातं. ज्वारीच्या कडब्याची छोटी कोप उभी करायची, आत पाच दगड रंगवून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायचं. सगळ्या शेंगा-भाज्यांची बेसन घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि दोन दिवस आधीपासून आंबवलेली ताकातली आंबील. वाटेनं जो कुणी जाईल त्याला दंडाला धरून आपल्या कोपीत आणायचं आणि तो हात जोडेपर्यंत वाढायचं. नको म्हणालात तर त्या घराशी तुमचं वाकडं आलं असं समजायचं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जळकोट तालुक्यातल्या खेड्यांत उभी नोकरी केली आणि प्रत्येक येळवसेला कुणाच्या ना कुणाच्या शेतात ते जेवले. लोक त्यांच्यावरून भांडायचे. अण्णा घरी यायचे ते पोट धरूनच. पण सत्तरी उलटल्यावर एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या कोपीत जेवलो. एकदा तरी माझ्या पंगतीला कुणी बसायला पाहिजे." आम्ही मान हलवली. म्हातारं माणूस काहीतरी बोलतं, आपण मान हलवतो. पण अण्णा अंगणातल्या गाडीकडे बघून बोलत होते, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं.

ती गाडी म्हणजे एक जुनी मेटॅडोर. आधी ती एका बँडपथकाकडे होती. अण्णांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं आपला बँड मोडून डीजे काढला आणि गाडी गुरुजींच्या दारात आणून सोडली. अण्णांनी सुताराकडून आत दोन बाकडी करून घेतली, दिवसा बसायला, रात्री झोपायला. आईच्या जुन्या साडीचे पडदे लागले. एक शेगडी, एक पिंप, आणि माझ्या लेकीसाठी वर टांगलेली एक फळी, जिला ती "माझी खोली" म्हणते. बाहेरून मात्र गाडी लाल-पिवळीच राहिली, मागच्या दारावर तुतारी वाजवणारा गलेलठ्ठ माणूस तसाच, आणि टपावर भोंगा. भोंगा काढला तर छताला भोक पडेल, असं अण्णांचं म्हणणं. रंगाचं काय, तर रंग चांगला आहे.

या गाडीतून आम्ही सुट्ट्यांना बाहेर पडतो. आई, अण्णा, मी, लेक आणि नवरा. नवऱ्याचं काम गाडी चालवणं, अण्णांचं काम गाडी मागे घेताना "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणणं. धडक बसली की मगच "बास" म्हणतात. बिलोलीच्या बाजूला एकदा झाडाखाली मुक्काम केला, तर फेटा बांधलेला एक माणूस तावातावानं आला आणि नवऱ्यावर ओरडला, "नवरदेव घोड्यावर बसून राहिला की! आन् तुमी इथं चहा पेऊन राहिलाव?" आम्ही बँडवाले नाही हे त्याला पटवता पटवता नाकी नऊ आले. शेवटी अण्णा म्हणाले, "चला, निदान हॉर्न तरी वाजवू." आणि आम्ही खरंच वरातीच्या पुढे हॉर्न वाजवत गेलो. आईनं वरून अक्षता टाकल्या. उमरीला गेलो तेव्हा तिनं पाटा-वरवंटा बरोबर घेतला होता, कारण मिक्सरची चटणी तिच्या घशाखाली उतरत नाही. असं हे आमचं सहलीला जाणं.

तर गेल्या येळवसेला अण्णांनी फर्मान काढलं. शेत नाही तर नाही, गाडी आहे. गाडी जिथं उभी, तिथं आपलं शेत. आदल्या दिवशीच आम्ही जळकोटकडच्या एका पाझर तलावाच्या काठाला, गायरानात जाऊन थांबलो. आईनं पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक मांडला. आंबिलीचा डेरा बाकड्यांच्या मध्ये उशा लावून बसवलेला, आम्हा कुणाला तेवढ्या उशा कधी मिळाल्या नाहीत. आणि झोपायच्या आधी अण्णांनी जाहीर केलं, "यजमान पाहुण्याच्या आधी जेवत नसतो. माझ्याकडं कुणी जेवल्याशिवाय मी घास घेणार नाही."

"अण्णा, हे काय खूळ?" मी म्हणाले. माझा आवाज चढला. तो लगेच चढतो.

"खूळ नव्हं, रीत हाय," ते गावच्या बोलीत गेले, म्हणजे विषय संपला.

सकाळी गाडीच्या अंगाला कडब्याच्या पेंढ्या टेकवून कोप केली. लेकीनं पांडव गोळा केले. चार दगड मिळाले, पाचवा विटेचा तुकडा निघाला. चुना लावल्यावर कळत नाही म्हणून त्याला भीम केलं. पूजा झाली, नैवेद्य झाला. अण्णा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून वाटेच्या कडेला खुर्ची टाकून बसले.

पहिला मोटारसायकलवाला दिसताच ते उठले. तो त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्यानं गाडी थांबवली, पाया पडला आणि म्हणाला, "गुरजी, सणाच्या दिसी इथं काय करून राहिलाव? चला आमच्यात."

"आधी तू माझ्यात बस. भज्जी गरम आहे."

"असं कसं जमंल? पाव्हणा आणल्याबिगर घरी येऊ नगं म्हणली आमची माय. तिथं समदे माझ्यावर खोळंबून हायती." दोघं एकमेकांचा दंड धरून बराच वेळ ओढाताण करत राहिले. शेवटी अण्णा हटेनात, तेव्हा त्यानं माझ्या नवऱ्याला मागे बसवलं आणि नेलं.

आमच्या घोडचुकीचा उलगडा मला तेव्हा झाला. येळवसेला प्रत्येक जण यजमान असतो. वाटेवर जो दिसतो तो पाहुणा शोधायला निघालेला असतो. सगळा बाजार विकणाऱ्यांनी भरलेला आणि घेणारा एकही नाही, अशी गत. आणि त्या बाजारात आम्ही पाच जण, बिनशेतीचे, म्हणजे साऱ्या शिवाराच्या दृष्टीनं आयता माल!

नवरा परत आला तो हळूहळू चालत. मग दोन बाया आल्या आणि मला न् लेकीला घेऊन गेल्या. मी तीन कोपींत जेवले. तिसऱ्या ठिकाणी तर मी रडकुंडीला आले, पण वाढणारी म्हणाली, "लई बारीक हाय गं मास्तरांची पोर," आणि अजून एक उंडा टाकला. मला बारीक म्हणणारी ती जगातली एकमेव बाई, म्हणून मी तोही खाल्ला. परत आले तर आईसुद्धा जागेवर नाही. ती पदरानं तोंड पुसत पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावरून येत होती. अण्णा एकटेच खुर्चीत. पुढ्यात झाकलेली पातेली.

ऊन कलायला लागलं तसं अण्णांना भोंग्याची आठवण झाली. त्यांनी माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि प्रार्थनेनंतर सूचना द्यायच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. "सर्वांना कळवण्यात आनंद होतो, की तळ्याच्या काठाला येळवसेचं जेवण तयार आहे. सर्वांनी शांततेत यावे." पहिल्यांदा आली ती फुटकी बादली आणि गंजलेलं घमेलं घेतलेली एक आजी. भंगारवाला आला असं तिला वाटलं होतं. जेवा म्हटलं तर म्हणाली, "जेवले की बाबा. ह्याचं काय देतूस सांग." मग लांबून एक आवाज आला, "आज तर मतं मागू नगा रं!" आणि शिवारभर हशा पिकला.

अण्णांनी माइक खाली ठेवला. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझा सगळा वैताग गळून पडला. चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले, सकाळपासून पोटात दोन कप चहा. तरी पांढरा सदरा नीट सारखा करत होते, कुणी आलं तर म्हणून. मला त्यांची फार दया आली आणि ती लपवायला मी खेकसले, "अण्णा, पुरे आता. मी बसते पाहुणी म्हणून. वाढा मला आणि तुम्ही पण जेवा."

"घरचं माणूस पाहुणा नसतं."

"मग जावई? जावई तर पाहुणाच की," आई म्हणाली. नवरा बिचारा दोन कोपींतलं जेवण पोटात घेऊन बाकड्यावर आडवा होता. तरी उठून मांडी घालून बसला.

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. "तो गाडी चालवतो. तो घरचाच." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य ऐकायला नवरा आसुसला होता, पण ते अशा वेळी ऐकायला मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं अण्णा स्वतःच म्हणाले, "चला. आवरा." आवाजात काही नव्हतं. आम्ही पेंढ्या बांधल्या, पातेली आत ठेवली. नवऱ्यानं गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि अण्णा सवयीनं मागे उभे राहिले. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे." मागे हरभऱ्याचं वावर होतं आणि त्याला सकाळीच पाणी सोडलेलं होतं. काळी माती. बास म्हणायच्या आत मागची दोन्ही चाकं आत गेली आणि तुतारीवाला माणूस कमरेपर्यंत चिखलात उभा राहिला. अण्णांनी हे मुद्दाम केलं असं नवरा अजूनही म्हणतो. मी ठामपणे सांगते, नाही केलं. इतकी वर्षं त्यांचं "येऊ दे" मी ऐकते आहे.

आता मात्र शिवार धावून आलं. जेवायला बोलवलं तर कुणी फिरकलं नव्हतं, गाडी रुतली तर चारी बाजूंनी माणसं. कुणी फळ्या आणल्या, कुणी दगड. ज्याचा हरभरा चिरडला तो शेतकरी स्वतः ट्रॅक्टर घेऊन आला. पिकाबद्दल एक शब्द न बोलता साखळी घेऊन गाडीपाशी वाकला. तर अण्णा मध्ये आडवे.

"आधी जेवण. मग गाडी."

"गुरजी, गाडी खचून राहिली."

"खचू दे."

"पोट तट्ट हाय हो. समदे जेवून बसले."

अण्णा हलले नाहीत. "माझ्या कोपीत आलेला माणूस न जेवता जायचा नाही. मी काय तुझ्या शेतात दरवर्षी भूक लागली म्हणून यायचो? दोन ठिकाणी जेवून तिसरीकडं तुझ्याकडं बसायचो. तुझा बाप नाही म्हणू द्यायचा नाही. ही रीत मला त्यानंच शिकवली."

त्या माणसानं साखळी खाली टाकली, ट्रॅक्टरवरच्या पोराला खाली उतर म्हणून खूण केली, चप्पल काढली आणि बांधावर मांडी घातली. "वाढा गुरजी," तो म्हणाला. त्याच्यामागे एकेक करत सगळे बसले. भंगारवाली आजीसुद्धा घमेलं बाजूला ठेवून बसली.

अण्णांनी आम्हाला कुणाला पळीला हात लावू दिला नाही. स्वतः वाकून वाकून वाढत होते. माणसं हात जोडत होती, पानावर आडवं पडत होती, एकानं करदोटा सैल केला, आणि अण्णा म्हणत होते, "घ्या हो, एवढंसं. हात काय राखून जेवता?" या शिवारानं त्यांच्यावर केलेला सगळा आग्रह त्यांनी एका दुपारी फेडला. जेवण झाल्यावर गाडी ढकलायला कुणाच्यात त्राण उरलं नाही. बांधावर बहुतेक सगळे घोरत पडले. नशिबानं ट्रॅक्टरला पोट नसतं, त्यानं गाडी ओढून काढली.

"गुरजी, तुमी जेवलाव न्हवं?" निघताना त्या शेतकऱ्यानं विचारलं.

मी पातेल्यांकडे बघितलं. चाटूनपुसून रिकामी. डेराही आडवा.

"हाव," अण्णा म्हणाले आणि त्यांनी चक्क एक ढेकर दिली. कोरडी, खोटी ढेकर.

परतीच्या वाटेवर शेताशेतांतून माणसं हात करत होती, "गुरजी, जेवून जावा!" आणि अण्णा प्रत्येक वेळी खिडकीतून अर्धे बाहेर वाकून ओरडत होते, "आमच्यातली पंगत आत्ताच उठली!" त्यांच्या पोटातला आवाज मला मागच्या बाकड्यावर ऐकू येत होता.

"अहो, एका ठिकाणी थांबून दोन घास खा," आई शेवटी चिडून म्हणाली. "चक्कर येऊन पडाल."

"घरी गेल्यावर पिठलं टाक," अण्णा म्हणाले. "वाटेत कुठं जेवलो तर परत पाहुणा होईन. आज नको."