ओटीतलं ध्रुवाचं नाणं

कुंडलिकला नाण्यांचं वेड आहे, आणि वेड म्हणजे अगदी वेड. भातसा धरणावर आम्ही दोघांनी जन्मभर नोकरी केली. फावल्या वेळात मी डुलकी काढायचो, हा भिंग लावून नाणी बघायचा. कोणी म्हटलं, अमुक नाणं त्रेसष्ट सालचं, की हा लगेच, "चौसष्ट." समोर साहेब असो की व्याही, चूक याला खपायची नाही.

त्याचं सगळ्यात लाडकं नाणं परदेशी, चांदीचं. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या एका जुन्या मोहिमेची आठवण म्हणून काढलेलं. एका बाजूला बर्फात अडकलेली बोट, दुसऱ्या बाजूला कुत्रे जुंपलेली घसरगाडी. निवृत्त झाल्यावर त्याने ते स्वतःसाठी मागवलं. प्लास्टिकच्या गोल डबीत ठेवायचा आणि हातमोजे घालूनच बाहेर काढायचा. मला मेल्याने एकदाही हात लावू दिला नाही.

तर हे नाणं त्याच्या बायकोने, सुंदरावहिनींनी, लेकीच्या, दिशाच्या ओटीत घातलं.

वहिनींना तरी दोष कसा द्यावा? दिशाला सातवा महिना. मागच्या खेपेला आठव्यात पोटातलं बाळ गेलं होतं, म्हणून या वेळी सगळं घर जीव मुठीत धरून होतं. ओटीत रुपया सगळेच घालतात. वहिनींना वाटलं, आपण चांदी घालू, चांदी थंड असते. त्यांनी डबी फोडली, नाणं चिंचेने लख्ख घासलं आणि तांदूळ-नारळाबरोबर पोरीच्या पदरात टाकलं. डॉक्टर जवळ हवा म्हणून यंदा बाळंतपण मुरबाडला सासरीच ठरलेलं. दिशा ओटी घेऊन तिकडे गेली.

चार दिवसांनी कुंडलिकने कपाट उघडलं. माझ्याकडे आला तेव्हा चेहरा पांढराफटक. वहिनी मागून ओरडतच होत्या, "ओटीतलं कोन परत मागतं का? पोरीच्या जिवावर उठलात काय?" त्यात विहीणबाईंचा, ताराबाईंचा फोन आलेला. त्या चांदीचे बाळाला वाळे करायचे, उद्या सोनाराकडे टाकणार.

कुंडलिकने तोडगा काढला. शहापुरात जाऊन गणपतीचा छाप असलेलं चांदीचं नाणं घेतलं. "मागायचं नाय, काळूराम. फक्त बदलायचं." असली अक्कल यालाच सुचणार. मी मोटरसायकल काढली.

किन्हवली येईपर्यंत त्याने तीनदा विचारलं, "वितळवलं नसंल ना रे?"

मला राग आला. "अरे, लेकीची काळजी कर ना जरा!"

तो मागून माझ्या कानाशी वाकला. मग म्हणाला, "तिचं विचारायचीच भीती वाटते, म्हनून नान्याचं विचारतो." मला माझीच लाज वाटली.

मुरबाडला पोचलो, ताराबाईंनी चहा ठेवला. कुंडलिकने भीतभीत नाण्याचा विषय काढला, तशा त्या हसल्या. "मी वाळे करायचे म्हनते, पण तुमची लेक सोडील तर ना!"

दिशा आतून आली. चेहरा उतरलेला, एक हात पोटावर, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट. तिने मूठ उघडली. नाण्यावर घामाचे, बोटांचे डाग पडले होते. संग्रहातून ते केव्हाच बाद झालं होतं.

"बाबा, बाळ हललं नाय की मी हे धरून बसते. तुमीच सांगितलेलं ना, बोट बुडाली, पन मानसं समदी घरी आली?"

कुंडलिकने खिशातलं गणपतीचं नाणं काढलं आणि ताराबाईंपुढे ठेवलं. "वाळे याचे करा."

दिशा अजून त्याच्याकडेच बघत होती. "समदी आली ना, बाबा? एक पन नाय गेला?"

"एक पन नाय," कुंडलिक म्हणाला. "समदी आली."

परतताना सरळगावच्या पुढे त्याने गाडी थांबवायला लावली. उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसला.

"तिघं मेले होते, काळूराम. बोटीवरचे नाय. त्याच मोहिमेचे, पन ध्रुवाच्या पल्याडच्या बाजूला गेलेले. मी वाचलंय." तो मागे मुरबाडच्या रस्त्याकडे बघत होता. "उद्या तिच्या वाचन्यात आलं तर?"

"बाळ झाल्यावर वाचू दे," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, पण कितीतरी वेळ गाडीवर बसेना.