तारवाल्या मोहिते बाई

मोहिते बाई काही न बोलता माझ्या खुर्चीमागे यायच्या, वाकायच्या आणि कॉम्प्युटरच्या पाठीतली नेटची तार उपसून काढायच्या. मग कंबर धरून सरळ व्हायच्या आणि म्हणायच्या, "हां, आता उघडा." आष्ट्याच्या हायस्कुलात मी क्लार्क म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी हे केलं. मी वाईचा, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला, आणि ही चष्म्याला दोरी बांधलेली हेडक्लार्क बाई माझी तार काढते म्हणजे काय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

भांडणाचं मूळ होतं पीडीएफ. परिपत्रक असो, हॉलतिकीट असो, निकाल असो, क्लिक केलं की ते ब्राउझरमध्येच उघडतं. समोर दिसतंय म्हटल्यावर माणसाला वाटतं, आलं आपल्याकडे. येत काही नाही. सेव्ह करावं तर कधी वरचा बाण दाबून काम होतं, कधी राइट क्लिक मारावं लागतं, कधी दोन्ही करूनही डाउनलोडच्या फोल्डरमध्ये भलतंच काहीतरी येऊन पडतं. ज्याने ही सोय काढली त्याला आमच्या ऑफिसात जून महिन्यात एक आठवडा बसवायला हवं होतं.

बाईंचा यावर उपाय ठरलेला होता. आधी उघडलेलं पान बंद करायचं, मग तार काढायची, मग सेव्ह केलेली फाइल उघडून बघायची. उघडली तरच कागद आला म्हणायचं. "नेट हाय तवर समदं आपलंच वाटतंय," त्या म्हणायच्या. "तार काढल्यावर कळतंय घरात काय हाय ते."

बाई मूळच्या आष्ट्याजवळच्याच एका ऊसवाल्या घरातल्या. नवरा फौजेत, त्यामुळे घर, सासू, दोन एकर ऊस आणि एकुलती एक मुलगी सोनल, सगळं त्यांच्याच गळ्यात. कॉम्प्युटर त्या चाळिशीत शिकल्या. माउस त्यांना आवडायचा नाही, तो पळतो म्हणायच्या. पण एका फाइलला नाव देताना विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता, तुकडी असं सगळं टाइप करायच्या. मी 'नवीन एक', 'नवीन दोन' अशी नावं द्यायचो. ती बघितली की त्या देवघरात कुणी चपला घालून आल्यासारखा चेहरा करायच्या.

एका वर्षी दहावीची दीडशे हॉलतिकिटं मी एका दमात सेव्ह केली आणि हात झटकून चहाला उठलो. बाईंनी मला बसवलं. एकेक उघडायला लावलं. पान बंद, तार बाहेर, उघडा. सदतिसाव्या तिकिटापर्यंत माझ्या डोक्यात जाळ झाला होता आणि अडतिसावं उघडलंच नाही. पुढची अकराही उघडली नाहीत. बाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्याचा मला जास्त राग आला. बोलल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

शिक्षक मंडळी त्यांना मागे 'तारवाल्या बाई' म्हणायची. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू? एकदा स्टाफरूममध्ये मी त्यांची वाकून तार काढायची नक्कल करत होतो आणि दारात त्या स्वतःच उभ्या. हशा थांबला. त्यांनी हजेरीपट उचलला, "चालू द्या," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतरच्या जुलैत सोनलला सांगलीत नर्सिंगला जागा लागली. आजीचं अंथरुणातलं सगळं त्या पोरीने शाळा सांभाळून केलेलं, आणि नर्सच व्हायचं हे तिचं सातवीपासून ठरलेलं. बाईंनी ऑफिसात पेढे वाटले. हातात पेढा देताना प्रत्येकाला सांगत होत्या, "सरकारी कॉलेज हाय." दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कॉलेजात जागा मिळाल्याचं पत्र दाखवायचं होतं. ते पत्र साइटवरून काढायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

साइट दिवसभर लटकलेली. आमच्या प्रिंटरची शाई संपलेली. खिडकीशी पाचवीच्या प्रवेशाची गर्दी, आणि मी सकाळपासून तीस-पस्तीस फाइली उतरवून पार वैतागलेलो. पाचच्या सुमारास सोनलचं पत्र एकदाचं ब्राउझरमध्ये उघडलं. वरचा बाण दाबला, तो नुसताच गरगरत बसला. कंट्रोल आणि एस दाबलं. काहीतरी खाली उतरलं. ते काय होतं हे मी बघितलं नाही. पेनड्राइव्हवर टाकलं आणि सकाळी सांगलीत प्रिंट काढून घ्यायला सांगितलं.

बाई मागे उभ्याच होत्या. आता पुन्हा ते सगळं सुरू होणार या कल्पनेनेच मला उबग आला. मी स्वतःच वाकलो, तार काढली आणि समोरच्या पत्राकडे बोट दाखवून म्हणालो, "बघा बाई, तार काढलीय. दिसतंय ना?"

दिसणारच होतं. एकदा उघडलेलं पान नेट गेल्यावरही तसंच दिसत राहतं. ते बंद करून पेनड्राइव्हवरची फाइल उघडायला हवी होती. हे मला माहीत होतं. मला ते पक्कं माहीत होतं, आणि तरी मी ते पान बंद केलं नाही.

बाईंनी स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बाईंचा फोन वाजला. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सोनल उभी होती. फाइल उघडली की नुसतं लॉगिनचं पान येत होतं. पत्र सेव्ह झालंच नव्हतं, पत्राकडे नेणारं पान तेवढं सेव्ह झालं होतं. मी साइट उघडली. मुदत संपल्याची लाल ओळ. ब्राउझरची हिस्टरी उलटीपालटी केली, डाउनलोडचं फोल्डर चाळलं, कचऱ्याची पेटीसुद्धा उपसली. हेल्पलाइनला फोन लावला, तिथे रेकॉर्ड केलेला आवाज एकसारखा सांगत होता की आपला कॉल महत्त्वाचा आहे. की-बोर्ड उचलून भिंतीवर आपटावा असं वाटत होतं. खरं तर आपटायला हवा होता तो मी.

बारा वाजून गेले. बाईंनी फोनवर पोरीला फक्त एवढंच सांगितलं, की रडू नको, जेवून घे आणि मिळेल त्या एसटीने ये. मग माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "साइटचाच घोळ आहे बाई. सर्व्हरच तसला." त्यावर त्या "व्हय" म्हणाल्या आणि पाचवीचे फॉर्म मोजायला बसल्या.

सोनलचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी प्रवेशाचे मार्क वर सरकले आणि तिचं नाव यादीत आलं नाही. खासगीत बाईंना झेपणारं नव्हतं. आता ती शिरवळला एका कंपनीत पॅकिंगला आहे. बाई त्याबद्दल विचारलं तरच सांगायच्या, आणि मी विचारायचो नाही. ऑफिसात त्या होत्या तशाच राहिल्या. माझ्याशी नीट बोलायच्या, डब्यातला खर्डा पुढे सरकवायच्या. मी तो तसाच परत सरकवायचो.

या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. शाल-श्रीफळ झालं, मुख्याध्यापकांनी त्यांच्या शिस्तीवर भाषण केलं, सगळे हसले. नंतर ऑफिसात त्या मला कपाटांच्या किल्ल्या मोजून देत होत्या आणि आम्ही दोघंच होतो. पाच वर्षं पोटात ठेवलेलं मी एका दमात बोलून टाकलं. घोळ साइटचा नव्हता. मी फाइल उघडून बघितली नव्हती. मी तुम्हाला फसवलं.

बाईंनी शेवटची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पान बंद केलं न्हाईसा तुमी. मी बघत हुते की."

मग त्याच वेळी बोलला का नाहीत, असं मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"काय बोलायचं? समदं हापिस हसायचं मला. घरात पोरगीबी म्हणायची, आई, तुजा कुणावर इश्वासच न्हाई." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "म्हणलं, येकदा ठेवून बघावा."

मग नवीन बाई येईल तिला त्रास देऊ नका, असं बजावून त्यांनी पर्स उचलली. मी फाटकापर्यंत शाल आणि नारळ घेऊन गेलो. आयुष्यात एकदाच त्या बाईंनी तपासून न बघता माणसावर भरवसा ठेवला, आणि त्यासाठी निवडलेला माणूस मी होतो.