आत्याच्या पेटीतल्या माश्या

आमची आत्या दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याच्या काचा घासते आणि घरी स्वतःचा चष्मा कपाटात ठेवते. तिला मधमाश्या पाळायच्या होत्या. विकत आणणं मंजूर नव्हतं. "आपल्या पायाने येतील त्याच टिकतील," म्हणे. म्हणून गच्चीवर रिकामी लाकडी पेटी ठेवून, तिला आतून जुनं मेण चोळून, ती वाट बघत बसली. त्या वासाने भटक्या मधमाश्या वस्तीला येतात. घरमालकाला हे काही पटेना. महिनाअखेर माश्या आल्या नाहीत तर पेटी खाली, असं त्याने बजावलं.

महिना सरत आला आणि पेटीत गुणगुण सुरू झाली. आत्या हवेत! साखरपाणी काय, सावलीला पत्रा काय. जावयाचेही एवढे लाड होत नाहीत.

मी म्हटलं, "आत्या, यांची कंबर फारच बारीक आहे गं. अंगावर लवही नाही."

"मेल्या, तुझी नजर कंबरेवरच जायची!"

मग तिने मालकाला मोठ्या मानाने गच्चीवर नेलं. त्याने झाकण उचललं मात्र, बोंब ठोकतच खाली आला. "बाई, तुमच्या एकाच माशीने मला तीनदा डंख मारला!"

"एकीनेच? तीनदा?" आत्याचा चेहरा उतरला. चष्मा शोधून तिने त्याचा हात निरखला. "काटा कुठंय?"

"मी काय खिशात घातलाय?"

"मधमाशी एकदाच डसते, मालक. काटा कातडीत अडकतो आणि बिचारी मरते. ही पुन्हा डसायला मोकळी. गांधीलमाशी आहे ही. चुकले मी. उतरवते पेटी."

मालक हातावर बर्फ धरून विचारात पडला. "मधमाशी खरंच एकदाच?"

"एकदाच. तेही छेडलं तर."

"मग राहू द्या. एकदाच त्रास देणारा भाडेकरू मला अजून भेटायचाय."

पहाटेच्या गारठ्यात माश्या सुस्त असताना, अंगभर चादर गुंडाळून आत्याने झाकणाखालचं करडं पोळं खरवडून काढलं. त्यात मेण औषधालाही नव्हतं. चावलेल्या लाकडाचा नुसता कागद. पेटीला ऊन दिलं, पुन्हा मेण चोळलं.

काही दिवसांनी दोन केसाळ, गुबगुबीत माश्या पेटीच्या फटीतून आतबाहेर करू लागल्या. आत्याने मला श्वाससुद्धा घेऊ दिला नाही. तेवढ्यात जिन्यातून मालकाने दबक्या आवाजात विचारलं, "काय हो बाई, जागा पसंत पडली का त्यांना?"