काटा वर असताना

एलईडीचा प्रकाश केसाएवढ्या काचेच्या तंतूत शिरवायचा, हे माझं प्रयोगशाळेतलं रोजचं काम. एलईडी चहूकडे प्रकाश उधळते, तंतूच्या वाट्याला त्यातला कणभरच येतो. तंतू धरणारा स्क्रू हळूहळू फिरवला की आत शिरलेला प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा चढतो. आज छान चढला होता, पण मला कुठे धीर निघतोय! अजून मिळेल म्हणून फिरवत राहिले आणि काटा घसरला. उलटं फिरवलं, तरी पहिल्या जागी येईना.

"उतरल्याशिवाय कळतच नाही मॅडम, की तेच सगळ्यात वर होतं," शेजारच्या टेबलावरचे जोशीकाका म्हणाले.

कालचा फोन आठवला. बाबा गेल्यापासून एकटी राहणारी आई मांजरीची फजिती सांगत खळखळून हसत होती. तिथेच थांबायचं, तर मी विचारलं, "मग इकडे कायमची कधी येतेस?" "गॅसवर दूध आहे गं," म्हणत तिनं फोन ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत तिला फोन लावला. "मांजरीचं परत सांग ना."

तिनं सांगितलं. हसलीसुद्धा, पण कालच्याइतकी नाही. मी श्वास रोखून ऐकत होते. बोटं मात्र टेबलाच्या कडेला, तिथे नसलेला स्क्रू फिरवत होती.