कुंभारणीचं घर

आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीत पाणी तापवायला गॅसचा गिझर आहे. त्याची देखभाल ड्रायव्हरभाऊंकडे. रोज सकाळी ते गॅसच्या नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावतात आणि बुडबुडा येतो का, ते श्वास रोखून बघतात. मी घाई केली की म्हणतात, "मरनाची घाई हाये का, सिस्टर?"

असा माणूस धुराचा पाइप मात्र साफ करेना. पावसाळाभर गिझर बंद होता, तेवढ्या दिवसांत पाइपाच्या तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. कुंभारीण घर करते तिथं पाळणा हलतो, असं त्यांच्याकडे मानतात.

"लेकीले दिवस हायेत. आता हे घर मोडू काऊन? धूर जाते नं बाजूनं."

मागच्या महिन्यात आलापल्लीच्या पुढच्या गावात गाडीत एक बाळंतीण होती. थंडी म्हणून दार लावलेलं. बाळाला पुसायला मी गरम पाणी सोडलं, तर गिझरची ज्योत पिवळी पडली.

"बाई, माहं डोकं गरगरून राह्यलं," बाळंतीण म्हणाली.

"भाऊ, धूर आतच कोंडतोय!" मी ओरडले. भाऊंनी गॅस बंद केला, मायलेकरांना बाहेर काढलं आणि स्क्रूड्रायव्हरनं ते घर फोडलं. बाळ रडलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. भाऊ हातातली माती बघत उभे होते.

आता फेस लावण्याआधी ते लेकीला फोन करतात. "बरी हायेस नं?" एवढंच विचारतात. तिचे दिवस अजून भरायचे आहेत. पलीकडून ती बोलेपर्यंत मीही गिझरला हात लावत नाही.