विणतो की विणते

तुमच्या बाबांनी पाठवलेला कॅमेरा बरेच महिने माझ्या कपाटात, इस्त्रीच्या साड्यांशेजारी, सुखाने झोपला होता. तुम्ही दर रविवारी फोनवर विचारायचात, "आजी, फोटो काढलास का?" आणि मी सांगायचे, "कॅमेरा अगदी नीट आहे." शेवटी माझी मलाच लाज वाटली. चंद्रपुरात एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर फोटोग्राफीचा वर्ग चालतो, तिथे मी नाव घातलं. आधी फोटो काढणं, मग संगणकावर ते सुधारणं, मग एक छोटी फिल्म, असा क्रम होता. क्रम असला की मला बरं वाटतं.

शाळेत मी मराठी शिकवायचे तेव्हाच्या माझ्या शेवटच्या विद्यार्थ्यांहूनही इथले सर लहान. त्यांनी माझे फोटो पडद्यावर लावले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"आजी, सगळं एकदम सरळ आहे. तलाव सरळ, भिंत सरळ. पण माणसं कुठे गेली?"

"ती मध्ये मध्ये येत होती. जाईपर्यंत थांबले."

वर्ग हसला. गडचांदूरहून येणारा एक जण सिमेंटच्या धुळीचे फोटो धुकं म्हणून खपवायचा, तोसुद्धा हसला.

संगणकावर फोटो सुधारायला शिकवलं तेव्हा मात्र मी रमले. आकाशातली तार पुसली. कुंपणावरचा कावळा पुसला. शेजारणीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे पुसले, आणि असं प्रत्यक्षात करता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

फिल्मसाठी सरांनी जोड्या लावल्या. माझ्या जोडीला आली मूल तालुक्यातल्या एका गावातली सून. तिच्या घरी तलावातली मासेमारी आणि थोडी धानाची शेती. तिला लग्नाचे फोटो काढायचे होते. हळदीच्या वेळी बायकांमध्ये पुरुष फोटोग्राफर अवघडतो, तिथे आपल्याला काम मिळेल, असा तिचा साधा हिशेब होता. अडचण सासूची. वर्गाच्या दिवशी सून बसने चंद्रपूरला यायची आणि बाजारात मासोळ्या घेऊन सासूला एकटीला बसावं लागायचं. सासूने स्पष्ट सांगितलं होतं, "काय शिकून राह्यली ते एकदा दाखव. मले पटलं तर जा. नाई पटलं तर बस बंद."

म्हणून सुनेने फिल्मसाठी सासूलाच निवडलं. ती फिल्म आवडली नाही तर तिचा वर्ग सुटणार होता, हे तिच्या गावी जाताना बसमध्येच तिने मला सांगून टाकलं. मी म्हटलं, "काळजी करू नकोस, आपण नीट करू." नीट करणं मला येतं, असा माझा समज होता.

सासू माझ्याच वयाची. तलावाच्या पाळीवर फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. बोटं भराभर चालत होती. सुनेने जवळून गाठ टिपली, पण तेवढ्यात मागून बकरी आली.

"आई, ते गाठ पुन्हा बांधा ना."

"बांधली ना एकदा. पक्की हाय."

"पक्की हाय जी, पण फिल्ममंदी बकरी आली."

"मंग बकरीले सांग. मी काऊन पुन्हा बांधू? बांधलेलं सोडू अन् सोडलेलं बांधू, तुमाले दुसरा धंदा नाई?"

मी मध्ये पडले. "बाई, एकदाच फक्त."

"मास्तरीनबाई, तुमच्या शाळेत पोरं एकच उत्तर दोनदा लिहीत होते का जी?"

लिहायची. शिक्षा म्हणून. पण हे मी तिला सांगितलं नाही. बकरी फिल्ममध्ये राहिली.

मग सासू बोलली, आणि फार छान बोलली. "मी जाळं विणतो. मी तलावात उतरतो, पाण्याले भेत नाई. बाजारात मासोळी विकतो, कोणी भाव पाडला तर मी त्याच्याकडं पाह्यतो, बस." मुलांनो, आमच्या भागात बायकाही असंच बोलतात: मी जातो, मी येतो. तुम्हाला चमत्कारिक वाटेल, इथे कोणाला वाटत नाही.

पाळीवर वारा फार. आवाज फरफरत होता, म्हणून सरांनी तिचं बोलणं पडद्यावर खाली अक्षरांत टाकायला सांगितलं. ते काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत नाहीत. मी चष्मा पुसून बसले आणि एकेक वाक्य नीट केलं. 'विणतो'चं 'विणते' झालं, 'उतरतो'चं 'उतरते', 'मासोळी'ची 'मासळी'. कावळा पुसला होता तितक्याच समाधानाने मी हे सगळं पुसलं. सून तेव्हा रंग जुळवण्यात गुंतली होती.

मग माझा लॅपटॉप घेऊन आम्ही गावी गेलो. ओट्यावर सासू, मांडीवर तिसरीतली नात. नातीला नुकतं भराभर वाचता येऊ लागलं होतं, त्यामुळे ती प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचू लागली.

"मी जाळे विणते. मी तलावात उतरते."

सासूने हात वर केला. "थांबव. हे कोण बोलून राह्यलं?"

"तूच तं आजी."

"मी? मी कधी असं बोलतो? ही तं पुण्याची कोणी होय. ही पाण्यात उतरली तं बुडते!"

सुनेचा चेहरा पडला. बस बंद होणार, हे मलाही कळलं. पण तिने माझ्याकडे बोट केलं नाही. मग मीच म्हटलं, "बाई, ते मी केलं. सुनेचा दोष नाही."

सासूने आधी मला पाहिलं, मग सुनेला, मग पडद्यावर थांबलेल्या स्वतःला.

"म्हंजे दोघीचं बी शिकणं अर्धंच हाय. अशी अर्धी शिकलेली कोणाच्या लग्नात गेली तं नवरीले नवरदेव करून टाकीन! जा, पुरं शिकून या. मासोळ्या मी विकतो."

"दोघी?" मी विचारलं.

"तुमाले तं पह्यले पाठवावं लागते, मास्तरीनबाई."

आम्ही दोघी मुकाट्याने परत वर्गात गेलो. मी एकेका 'ते'चा 'तो' केला. इतकी वर्षं उलट दिशेने लाल शाई चालवल्यावर बोटं जरा अडखळत होती. पुढच्या खेपेला नातीने वाचलं, "मी जाळं विणतो," आणि सासू तिच्याबरोबर ओठ हलवत गेली. बकरी दिसली तेव्हा सासू खळखळून हसली. पूर्ण झाल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा लावली. सुनेच्या बसचा विषय कोणी काढला नाही. ती दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वर्गात आली.

ती फिल्म या चिठ्ठीसोबत पाठवते आहे. पण ती शेवटची नाही, हे लक्षात ठेवा. त्या दिवशी मला बसपर्यंत सोडायला सून निघाली तेव्हा सासूने तिला दारातून हाक मारली होती:

"पाह्य वं, लुगडं जुनंच दिसून राह्यलं माह्यं. मी नवं नेसतो, ते गाठ पुन्हा बांधतो. अन् बकरी राहू दे."